शाश्वत शेतीचं संशोधन तुर्भ्याच्या गेटाबाहेरच का थांबतं?

मंदार_मुरबाडकर
नमस्कार मंडळी. राहायला डोंबिवलीला, नोकरी अंधेरीला, आणि गावी मुरबाड तालुक्यात भावाची भाजीची शेती. भात निघाला की भेंडी, काकडी, थोडी कारली. भावाने कृषी विज्ञान केंद्राच्या लोकांचं ऐकून गेल्या काही हंगामांत बरंच बदललंय. कीड पकडणारे कामगंध सापळे, पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क, मल्चिंग, ठिबक, माती तपासून मोजून खत. फवारण्या खरंच कमी झाल्या आणि औषधाच्या दुकानातली उधारीही. इथपर्यंत सगळं छान.

पण माल रात्री टेम्पोत चढतो आणि तुर्भ्याला, म्हणजे नवी मुंबईतल्या बाजार समितीच्या घाऊक मार्केटला, उतरतो, आणि पहाटे आमच्या भेंडीचा क्रेट न् दर तिसऱ्या दिवशी पंप पाठीला लावणाऱ्या शेजाऱ्याचा क्रेट एकाच रांगेत, एकाच भावात. कधी कधी शेजाऱ्यालाच किलोमागे रुपया जास्त, कारण त्याच्या भेंडीवर एक डाग नसतो.

प्रश्न दोन आहेत. शेतीचं एवढं संशोधन होतं, शिफारशी येतात, पण ते सगळं बांधापर्यंतच. बांधापासून मुंबईकराच्या ताटापर्यंत, म्हणजे बाजार, भाव, ओळख, याच्यावर कोणी काम करतं का? आणि दुसरा प्रश्न तुम्हा शहरातल्या लोकांना: असा माल वेगळा मिळाला तर जास्त पैसे द्याल का? खरं सांगा, इथे कोणी मार्क देणार नाहीये.

कोलंबीप्रेमी
पॉपकॉर्न घेऊन बसलो. मका कसा पिकवलाय ते विचारू नका.

सुनंदा_मुलुंड
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. देईन, आणि दिलेत. आमच्या सोसायटीत एका अ‍ॅपवरून दर आठवड्याला "थेट शेतातून" लिहिलेली टोपली यायची, भाव दीडपट, पण मुलं लहान म्हणून आम्ही पाच-सहा घरं घ्यायचो. एकदा टोपलीच्या तळाशी तुर्भ्याच्या एका गाळ्याची चिठ्ठी निघाली, लॉट नंबरासकट. फोन केला तर ती पोरगी म्हणे "मॅम तो पॅकिंग मटेरियल असेल". तेव्हापासून मी आपली स्टेशनबाहेरच्या मावशीकडून घेते. ती निदान काही दावा तरी करत नाही.

गाळेवाला
ताई ती चिठ्ठी आमच्याच पाखीतली (गाळ्यांच्या रांगेतली) असेल 😄

मी भाजी मार्केटला आडत्या आहे, वडिलांच्या वेळेपासून, म्हणजे मार्केट भायखळ्याहून इकडे यायच्या आधीपासून. इथे सगळे दलालाला शिव्या घालणार हे ठाऊक आहे, त्यामुळे आधीच बोलून घेतो. मंदारभाऊ, तुमची भेंडी चांगली असेल, पण रात्री तीन वाजता ट्यूबलाइटखाली मला ती कशी दिसणार? माझ्यासमोर क्रेट येतो. मी बघतो कोवळी आहे का, लांबी एकसारखी आहे का, देठ काळे पडलेत का, आणि संध्याकाळपर्यंत टिकेल का. माझं गिऱ्हाईक म्हणजे दादर, घाटकोपर, मालाडचा किरकोळवाला, त्यालाही हेच बघायचंय कारण त्याची बाई गिऱ्हाईक भेंडीचं टोक मोडून बघते. आता यात तुमचे सापळे कुठे दिसले सांगा. तुमच्या भावाने काय केलं त्याचा एक कागद, एक शिक्का, एक खूण पण क्रेटबरोबर येत नाही. मग मी भाव कशाचा देऊ?

राजू_परळ
मधले दलाल काढा, सगळे प्रश्न सुटतील.

गाळेवाला
आला बघा पहिला 😄

हिशेबनीस
@राजू, २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असंही तेव्हाच ठरलं. म्हणजे कायद्याने दलाल काढायची मुभा तेव्हापासून आहे, शेतकरी थेट कुणालाही विकू शकतो. शेतकरी आठवडी बाजारही त्याच सुमारास सुरू झाले. तरी रात्री ट्रकांची रांग तुर्भ्यालाच का लागते याचा विचार करा. कारण ती एकच जागा अशी आहे जिथे तुम्ही न कळवता कितीही माल घेऊन गेलात तरी तो विकला जातो. भाव पडेल, पण माल परत न्यावा लागत नाही.

आकडे हवे असतील तर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी ग्राहकाच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा काढला होता. टोमॅटोत ३३ पैसे, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. हे वाचून लोक लगेच म्हणतात बाकीचे ६५ दलालाने खाल्ले. त्यात टेम्पो, हमाली, तोलाई, किरकोळवाल्याची पावसात भिजून फेकलेली जुडी, त्याचा रोजचा खर्च हे सगळं आहे. पण त्याच अभ्यासमालिकेत दुधात शेतकऱ्याचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास आणि अंड्यात ७५ आहे. दूध तर भेंडीपेक्षा नाशवंत. मग फरक कशाने पडतो?

वसईकर_डायस
दुधात डेअरीच्या दारात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) मोजतात, म्हणून! गावातल्या संकलन केंद्रावर म्हातारी दोन लिटर घेऊन आली तरी मशीन आकडा दाखवतं आणि आकड्याप्रमाणे पैसे. भेंडीला असं मशीन नाही.

आमच्याकडे वसईत वाडीवाले पहिल्या गाडीने टोपल्या घेऊन दादरला जायचे, अजून काही जातात. त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं असायचं, माणूस ओळखीचा तर माल ओळखीचा. ते मशीनच होतं म्हणा एक प्रकारचं. आता वाड्यांच्या जागी टॉवर आले.

शेवळं_आणि_काकडं
दादरला अजून त्या पहाटेच्या बायका बसतात का? पावसाळ्यात बोरिवलीला आदिवासी बायका शेवळं, कंटोली, टाकळा, कुर्डू घेऊन येतात त्यांच्याकडे मी जाते. एकाही जुडीवर सेंद्रिय लिहिलेलं नसतं आणि त्याच्याइतकं बिनफवारणीचं मुंबईत दुसरं काही मिळत नसेल. आणि आपण त्यांच्याशीच दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

कोलंबीप्रेमी
शेवळाची भाजी काकडं (खाज मारणारी आंबट फळं) न घालता केली होती आमच्या बायकोने, यूट्यूब बघून. तीन दिवस घसा खवखवत होता. घरात शांतता होती पण.

शेवळं_आणि_काकडं
@कोलंबीप्रेमी 😂 म्हणूनच आयडी असा आहे.

राबराब
थोडं लांब लिहितोय. कोकणात कृषी विस्ताराचं काम केलं, आता निवृत्त.

मंदार यांचा पहिला प्रश्न बरोबर आहे पण अर्धाच. बांधापर्यंतचं संशोधन तरी पूर्ण पोचलंय का? भाताचंच घ्या. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्र. एकदा गादीवाफे करायचे, त्यावर टोकण, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, नांगर घालायचा नाही, आणि त्याच वाफ्यांवर वाल किंवा हरभरा. गांडुळं वाढतात, सेंद्रिय कर्ब वाढतो, आणि लावणीला माणसं मिळत नाहीत ही कोकणातली सगळ्यात मोठी रडकथा संपते. भरून ठेवलेल्या पाण्यात मिथेन तयार होतो तोही कमी. हे सगळं खरं आहे आणि शेकडो लोकांनी करून पाहिलंय. पण ज्याने केलं त्याला परतावा मिळाला तो वाचलेल्या मजुरीतून. बाजारातून नाही. गिरणीवाला विचारत नाही की भात चिखलात वाढला की गादीवाफ्यावर.

माझं म्हणणं असं, की जे तंत्र शेतकऱ्याचा खर्च कमी करतं ते बाजाराच्या मदतीशिवाय पसरतं, हळू पसरतं पण पसरतं. मंदारच्या भावाचे सापळे त्यातलेच. ज्या तंत्राने उत्पन्न कमी होतं त्याला बाजाराने उचलून धरल्याशिवाय ते टिकत नाही. पूर्ण सेंद्रियचं तेच आहे. २०१२ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात जगभरच्या प्रयोगांचं एकत्र विश्लेषण आलं होतं, सेंद्रियचं उत्पादन परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्के कमी. ही तूट कोण भरणार? सुनंदाताई भरायला तयार होत्या तर त्यांना गाळ्याची चिठ्ठी मिळाली.

नैसर्गिक_नाना
३४ टक्के वगैरे परदेशी प्रयोग आहेत. आपल्याकडे जीवामृत, घनजीवामृत (शेण-गोमूत्राची खतं) नीट वापरलं तर उत्पादन घटत नाही. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकर गुरुजींना २०१६ ला पद्मश्री उगाच नाही दिली. खताच्या लॉबीला हे नको आहे म्हणून विद्यापीठं दाबतात.

राबराब
नाना, पद्मश्री म्हणजे पीक कापणी प्रयोग नव्हे. माझ्या शेजारच्या दोन गावांत जीवामृतवाले आहेत, ज्याची जमीन मुळात चांगली आणि घरी गाई, त्याचं छान चाललंय. ज्याने विकतचं शेण आणून केलं तो तिसऱ्या वर्षी युरियावर परत आला. दाबलं कोणी नाही.

नैसर्गिक_नाना
जमीन सुधारायला वेळ द्यावा लागतो. तीन वर्षांत हिशोब मागणारेच नापास होतात.

हिशेबनीस
तीन वर्षं शेतकऱ्याच्या घरात काय शिजवायचं हेही त्या तंत्रात लिहिलंय का? हलके घ्या.

मंदार_मुरबाडकर
सेंद्रिय विरुद्ध रासायनिक नको करूया प्लीज, त्याचे धागे आधीच आहेत. भाऊ सेंद्रिय नाही. गरज पडली तर औषध मारतो. आणि त्यात एक भानगड आहे जी शहरात कोणालाच माहीत नाही. भेंडीचा तोडा एक दिवसाआड असतो, नाहीतर जून होते. प्रत्येक औषधाला फवारणी ते काढणी एवढे दिवस थांबा असा कालावधी असतो. समजा पाच-सात दिवस. आता एक दिवसाआड तोडणारा माणूस सात दिवस थांबणार कसा? थांबला तर मधले तोडे गुरांना. म्हणून नियम पाळायचा तर फवारणीच टाळावी लागते, किंवा थांबायचा काळ अगदी कमी असलेलं औषध घ्यावं लागतं, ते महाग. भावाचा सगळा खटाटोप यासाठी आहे. आणि नेमकं हेच बाजारात कोणाला दाखवता येत नाही.

सुनंदा_मुलुंड
हे वाचून भेंडी बंद करावीशी वाटतेय.

गाळेवाला
ताई धंदा बसवू नका 🙏

डॉक्टर_नाही_मी
भेंडी बंद करू नका, धुवून घ्या, आणि एकाच भाजीवर राहू नका. आता मुद्द्याचं. अशी खूण ठेवायची व्यवस्था भारतात आहेच, फक्त आपल्यासाठी नाही. द्राक्षाचं ग्रेपनेट बघा. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा प्रत्येक प्लॉट नोंदलेला, काढणीआधी नमुना घेऊन प्रयोगशाळेत औषधांचे अंश तपासायचे, पास झाला तरच पेटी हलते. ही शिस्त तिकडून माल परत आल्यावर लागली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या भानगडीत युरोपात आपली द्राक्षं अडकली तेव्हा नाशिक-सांगलीत काय रडारड झाली होती आठवत असेल. ग्रेपनेट त्याआधीच होतं, पण त्यानंतर पुण्याजवळच्या मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, अपेडा (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था), निर्यातदार, बागायतदार असे सगळे आणखी कडक झाले. रॉटरडॅमच्या दुकानातल्या घडाचा नाशिकमधला प्लॉट सापडतो. दादरच्या टोमॅटोचं गावसुद्धा सापडत नाही.

म्हणजे संशोधन गेटाबाहेर थांबतं असं नाही. गेटावर कडक गिऱ्हाईक उभं असेल तर ते आत येतं. आपण कडक नाही.

खारी_बिस्किट
+१. आपण फक्त कडीपत्ता फुकट मागण्यात कडक.

राजू_परळ
@खारी_बिस्किट आणि कोथिंबीर!

माटुंगा_रोड
कडक गिऱ्हाईकावरून एक आठवलं, अवांतर वाटेल पण नाही. माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, फाइव्ह गार्डनच्या बाजूला, रोज लोक तिच्यावरून जातात आणि विचार करत नाहीत की कापूस विदर्भात आणि संस्था माटुंग्यात का. ती १९२४ ची आहे. तेव्हा मुंबईत गिरण्या होत्या. कापसाची नवीन जात काढणारा पैदासकार म्हणायचा माझं उत्पन्न जास्त, गिरणीवाला म्हणायचा सूत तुटतं. म्हणून गिरण्यांच्या शहरात प्रयोगशाळा काढली. नव्या जातीचा कापूस आणायचा, तंतूची लांबी, बारकाई, ताकद मोजायची, आणि प्रत्यक्ष कातून बघायचा. सूत बरं निघालं तरच ती जात पुढे. शेत आणि बाजार यांच्यामध्ये एक चाचणी बसवली होती, शंभर वर्षांपूर्वी, याच शहरात.

भाजीचं असं कधी झालं नाही कारण भाजीला गिरणी नव्हती. हजारो छोटे फेरीवाले आणि लाखो स्वयंपाकघरं. त्यांच्या वतीने तपासणार कोण?

राबराब
वा. हे लिहायला हवंच होतं कुणीतरी. भाजी-फळांच्या जाती सोडताना उत्पन्न, रोग, टिकाऊपणा बघतात. चवीची तपासणी असते पण ती केंद्रातल्याच चार माणसांनी खाऊन. कोकण कृषी विद्यापीठाचा रत्ना आंबा घ्या, नीलम आणि हापूसचा संकर. दरवर्षी फळतो, साका (गर आतून खराब होणं) होत नाही, शास्त्रज्ञांनी कमाल केली. पण मुंबईचं गिऱ्हाईक हापूस म्हणत आलं आणि हापूसच म्हणत गेलं.

देवगड_ते_दादर
आंब्याचा विषय काढलात म्हणून. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणं काही थांबलं नाही. शेवटी २०२५ च्या हंगामात देवगडच्या उत्पादकांच्या संस्थेने प्रत्येक फळावर वेगळ्या नंबराचं स्टिकर आणलं, नंबर पाठवून खरं-खोटं तपासायचं. आमच्या ओळखीच्या बागायतदारांत दोन तट आहेत. एक म्हणतो स्टिकरमुळे गिऱ्हाईक विचारायला लागलं. दुसरा म्हणतो मजुरी वाढली आणि डझनाला भाव तोच. दोघंही खरं बोलतायत.

तांदळातही तेच. वाडा कोलमला २०२१ मध्ये जीआय मिळाला. मुंबईत जेवढी दुकानं "वाडा कोलम" विकतात तेवढा तांदूळ त्या एका तालुक्यात उगवायचा तर समुद्रातही लावणी करावी लागेल.

पर्यावरणप्रेमी_अंधेरी
मला वाटतं आपण मूळ मुद्दा विसरतोय. शाश्वत म्हणजे लोकल खाणं. भाजी जितक्या लांबून येते तितकं कार्बन जास्त. मुरबाडची भेंडी म्हणूनच घ्यायला हवी, बाकी प्रमाणपत्रं सोडा.

डॉक्टर_नाही_मी
हे ऐकायला बरोबर वाटतं पण आकडे तसे नाहीत. २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात पूअर आणि नेमेचेक यांचा मोठा अभ्यास आला होता, जगभरच्या हजारो शेतांचा. अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के. खरं ओझं शेतात आणि जमिनीच्या वापरात आहे, गुरं, भाताचं पाणी, खत. विमानाने येणारी बेरी-बिरी सोडली तर ट्रकने आलेला नाशिकचा टोमॅटो काही पाप नाही. जवळची पालेभाजी घ्यावी ती ताजी म्हणून.

आणि लोकलची हौस असेल तर रुळांकडेची पालेभाजी सगळ्यात लोकल. रेल्वेची ग्रो मोअर फूड योजना होती, रिकामी जमीन कसायला द्यायची. कुर्ला-घाटकोपरच्या मध्ये गाडीतून दिसायचे ना पालकाचे वाफे. शेजारी नाला. त्या पाण्यावर.

पर्यावरणप्रेमी_अंधेरी
बरं मग लोकल पण नाही, सेंद्रिय पण खात्री नाही, खायचं काय?

कोलंबीप्रेमी
कोलंबी.

तुर्भे_नाइटशिफ्ट
नासाडीबद्दल कोणी बोललं नाही. मी त्या भागात रात्री ड्युटीला असतो. सकाळी आठला मार्केटच्या मागे कोबीचा पाला, सडके टोमॅटो यांचे ढीग. देशात ४० टक्के भाजी वाया जाते म्हणतात ते खोटं नाही वाटत.

हिशेबनीस
४० टक्के हा आकडा सगळीकडे फिरतो पण मोजून काढलेला नाही. लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने देशभर केलेली मोजणी २०१५ मध्ये आली. भाज्यांत पिकानुसार साधारण साडेचार ते साडेबारा टक्के, फळांत पावणेसात ते सोळा. टोमॅटो १२.४४ आणि पेरू १५.८८ हे सगळ्यात वाईट. हे कमी नाही, पण ४० नाही. फरक अशासाठी पडतो की ४० मानलं तर उत्तर कोल्ड स्टोरेज, कोल्ड स्टोरेज आणि अजून कोल्ड स्टोरेज. खरी मोजणी बघितली तर कळतं की बरंच नुकसान काढणी, निवड आणि हाताळणीतच होतं. साधे प्लास्टिक क्रेट आले तेव्हा टोमॅटोची चेचाचेच किती कमी झाली ते गाळेवाल्यांना विचारा.

गाळेवाला
क्रेटचं खरं आहे. पूर्वी लाकडी खोकी आणि करंड्या यायच्या, तळाचा थर गेलाच म्हणून समजायचं.

किरणोत्सर्गी_काका
धाग्याच्या शीर्षकाला आक्षेप! संशोधन गेटाच्या आत केव्हाच पोचलंय. वाशीला पणन मंडळाचं विकिरण केंद्र आहे, अमेरिकेला जाणारा हापूस तिथून प्रक्रिया होऊन जातो. तंत्र आमच्या ट्रॉम्बेचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं. लासलगावचं "कृषक" केंद्र २००२ चं, मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून, आणि २००७ मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं ते याच प्रक्रियेमुळे. आणि नाही, विकिरण केलेलं फळ किरणोत्सर्गी होत नाही, दर वेळी हे सांगावं लागतं. शिवाय ट्रॉम्बेची टीएजी-२४ भुईमूग जात अर्ध्या महाराष्ट्राने लावली असेल. शेंगदाणा चघळताना आमची आठवण काढा.

खारी_बिस्किट
काका, कांद्याला कोंब येऊ देत नाही ना तुमचं मशीन? मग दरवर्षी आमच्या डोळ्यात पाणी का येतं?

किरणोत्सर्गी_काका
कारण कोंब थांबला तरी सड थांबत नाही, त्याला पुढे थंड साठवण लागते आणि तो खर्च कांद्याच्या भावात बसत नाही. आंब्याच्या बसतो. म्हणून जे यंत्र कांद्यासाठी बांधलं ते नावाजलं आंब्यासाठी. शेतकरी अजून कांदा शेतावरच्या कांदाचाळीतच ठेवतो, आणि चाळ नीट हवेशीर बांधली तर तेही काही वाईट तंत्र नाही.

राबराब
बघा, म्हणजे परत तेच. परदेशी गिऱ्हाईकाने अट घातली तिथे यंत्र चाललं.

मंदार_मुरबाडकर
खूप शिकायला मिळालं सगळ्यांकडून. पण मी आता परत सरळ विचारतो. आमच्यासारख्याने काय करायचं? अंशतपासणीला एका नमुन्याला काही हजार जातात. एका तोड्याला ते परवडत नाही. सेंद्रियचं प्रमाणपत्र आम्हाला लागू नाही.

डॉक्टर_नाही_मी
एकट्याने नाहीच होणार. पीजीएस (सहभागी हमी) नावाची प्रमाणपत्राची पद्धत आहे, किमान पाच शेतकऱ्यांचा गट आणि एकमेकांची तपासणी, तृतीय पक्षाची फी नाही. पण ती सेंद्रियसाठी. तुमच्या मधल्या वाटेला, म्हणजे कमी फवारणी आणि थांबायचा काळ पाळला एवढंच सांगणाऱ्या मालाला, शहरात नावच नाही. निर्यातीच्या भेंडीला आहे. तुमच्याच तालुक्यातून आणि शहापूरमधून भेंडी परदेशी जाते ना? त्या गटांकडे फवारणीची वही असते. ती वही ठेवायला सुरुवात करा, फुकट आहे.

सुनंदा_मुलुंड
मंदार, आमच्या सोसायटीत दोनशेच्या वर घरं आहेत. वही दाखवा, मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. रविवारी सकाळी टेबल लावायला सेक्रेटरीला मी तयार करते, तो माझा भाचेजावई आहे. किलोमागे दहा-पंधरा जास्त द्यायला लोक तयार होतील. डाग असला तरी चालेल, आधी सांगितलं तर.

मंदार_मुरबाडकर
ताई खूप आभार, पण अडचण बघा. तोडा एक दिवसाआड. तुम्हाला भेंडी रविवारी हवी. मग सोम ते शनि निघालेली भेंडी कुठे जाणार? तुर्भ्यालाच. आणि रविवारी पाऊस पडला, लोक खाली उतरले नाहीत, तर संध्याकाळी उरलेली भेंडी घेऊन मी मुलुंडमध्ये काय करू. टेम्पोचं भाडं तर तेवढंच लागतं. हे थेट विक्रीवाले लोक कधी सांगत नाहीत.

सुनंदा_मुलुंड
आगाऊ ऑर्डर घेऊ, पैसे आधी भरून. नाही आला खाली तर त्याची पिशवी वॉचमनकडे. पण सोम ते शनिचं माझ्याकडे उत्तर नाही.

गाळेवाला
सोम ते शनिचं माझ्याकडे आहे. मंदारभाऊ, तुमचा आडत्या कोण ते विचारत नाही, त्याची उचल घेतली असेल तर माल त्यालाच घाला. नसेल तर असं करा. तुमच्यासारखे अजून चार-पाच जण धरा, एकट्याचे चार क्रेट कुणाच्या डोळ्यात भरत नाहीत, एक छोटा टेम्पो भरला पाहिजे. क्रेटला एकाच रंगाची पट्टी बांधा आणि निवड कडक, जून एकही नको. मी लॉट वेगळा लावतो. माझी दोन-तीन गिऱ्हाइकं आहेत, पार्ल्याचा एक आणि ठाण्याचा एक दुकानवाला, त्यांची बायामाणसं असलं विचारतात. पहिले काही दिवस भाव नेहमीचाच मिळेल, आधीच सांगतो. रोज तोच माल तसाच आला तर दुकानवाला स्वतःहून पट्टीचा रंग विचारायला लागतो. तेव्हा रुपया-दोन रुपये वर मागता येतात. पंधरा नाही मिळणार, ते सुनंदाताईंकडून घ्या रविवारी.

राजू_परळ
दलालच उपाय सांगतोय, कलियुग.

माटुंगा_रोड
@गाळेवाला, आणि एखाद्याने फवारलेली भेंडी तीच पट्टी बांधून घातली तर?

गाळेवाला
घालणारच कोणीतरी. म्हणून वही हवी आणि अधूनमधून नमुना तपासायला हवा. रोज नको, न सांगता केव्हातरी. पाच-सहा जणांत खर्च वाटला तर क्रेटमागे फार येत नाही. वाटल्यास एका तपासणीचे पैसे मी घालतो, पण रिपोर्टची झेरॉक्स माझ्या गाळ्यावर लावणार.

राबराब
मंदार, वहीचा नमुना मी करून देतो. औषधाचं नाव, मात्रा, तारीख, पुढचा तोडा कोणत्या तारखेला. एवढे चार रकाने पुरे, जास्त केले की कोणी भरत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मंदार_मुरबाडकर
व्यनि केलाय. भावाशी बोललो, तो म्हणतो वही भरेन पण अजून चार जण कुठून आणू, शेजारी तर हसतोय. काकडीवाले दोघं तयार होतील असं वाटतंय. काकडी चालेल का गाळेवाले साहेब?

गाळेवाला
चालेल. हिरवी, एक वीत, वाकडी नको.

शेवळं_आणि_काकडं
वाकडी मला द्या, कोशिंबिरीत काय फरक पडतो.